घुमटाकार काचेच्या घड्याळावरचे ओरखडे: घरच्या घरी, पण योग्य क्रमाने

काचेवर ओरखडा दिसला की बहुतेक जण पहिल्यांदा टूथपेस्ट हातात घेतात, मग सुती कापड, मग जोर. ओरखडा थोडा फिकट होतो, पण त्याच्या भोवती धुरकट पट्टा उमटतो, केसची (घड्याळाच्या धातूच्या चौकटीची) चकाकी जाते, आणि चावीच्या (बाजूच्या फिरवायच्या गोल बटणाच्या) फटीत पांढरा गाळ बसतो तो वेगळाच. यात मेहनत कमी पडलेली नसते, क्रम चुकलेला असतो. काच कसली आहे हे न बघता घासायला सुरुवात होते आणि धूळ न काढताच पॉलिश लागतं. मग पट्टा तसाच ठेवल्यामुळे कडेपर्यंत बोट पोचत नाही.

हा लेख मी युंगहान्स या जर्मन कंपनीचं माक्स बिल घड्याळ समोर ठेवून लिहितो आहे. माक्स बिल हा बाउहाउस या जर्मन कला-डिझाइन विद्यालयात शिकलेला वास्तुविशारद. जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन विद्यालयाची इमारत त्याने उभारली आणि युंगहान्ससाठी १९५६ मध्ये स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ व १९६१ मध्ये मनगटी घड्याळ रेखाटलं. आपल्या कामापुरती महत्त्वाची गोष्ट एवढीच की त्याच्या तबकडीवर नक्षी नाही. बारीक सरळ रेषा, बारीक काटे, आणि वर कडेपर्यंत उतरत गेलेली काच. इमारतीचा दर्शनी भाग जसा मोजक्या रेषांवर उभा असतो तशी ही तबकडी आहे, त्यामुळे काचेत कुठे खळगा पडला तर त्याच्याखालची रेषा लगेच वाकडी दिसते. नक्षीदार तबकडीवर खपून जाणारी चूक इथे लपत नाही.

हाच क्रम एचएमटीच्या 'जनता' घड्याळालाही लागू पडतो. जुन्या हातचावीच्या घड्याळांच्या काचा बहुधा अ‍ॅक्रिलिकच्या, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या असत. वडिलांचं किंवा आजोबांचं असं घड्याळ घरात असेल तर हात त्याच पद्धतीने चालवा, फक्त पाण्याच्या बाबतीत जास्त सांभाळा. त्याचं कारण पुढे येईल.

## तयारी: आधी सगळं टेबलावर मांडा

काम सुरू झाल्यावर पॉलिशने माखलेल्या हातांनी कपाट उघडायची वेळ येऊ देऊ नका. एवढं सामान लागतं:

- प्लॅस्टिकच्या काचेसाठीचं घड्याळाचं पॉलिश. पॉलीवॉच नावाची छोटी ट्यूब ऑनलाइन मिळते. घेताना ती अ‍ॅक्रिलिक काचेची आहे ना, हे वाचून घ्या. खनिज काचेसाठीचं पॉलिश वेगळं असतं.
- रंगारी वापरतात ती मास्किंग टेप. सेलोटेप नको, तिचा गोंद केसवर राहतो.
- सुती कापड. अनेकदा धुतलेलं जुनं बनियन सगळ्यात चांगलं. नव्या कापडात खळ असते.
- चष्मा पुसायचं मायक्रोफायबर, दोन तुकडे. एक पॉलिश काढायला, दुसरा शेवटी पुसायला.
- रबरी फुंकणी आणि मऊ ब्रश.
- पट्ट्याची पिन काढायचं दुतोंडी अवजार, म्हणजे स्प्रिंग बार टूल.
- ओरखडे खोल असतील तरच वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा बारीक सँडपेपर: १५००, २००० आणि ३००० नंबरचे.
- टेबल लॅम्प, आणि शक्यतो छताला ट्यूबलाइट असलेली खोली. ट्यूबलाइट तपासणीसाठी लागणार आहे.

टेबलावर फिक्या रंगाचा टॉवेल अंथरा आणि त्याच्याखाली कडा असलेला ट्रे ठेवा. पट्ट्याची पिन उडाली तर ट्रेमध्येच पडेल. पंखा बंद करा. पंख्याने धूळ उडते, आणि या कामात धुळीचा एक कण नवा ओरखडा काढायला पुरतो.

इशारा: नेलपेंट रिमूव्हर, थिनर, सर्जिकल स्पिरिट, सॅनिटायझर यातलं काहीही टेबलावरही ठेवू नका. अ‍ॅसिटोनने अ‍ॅक्रिलिक विरघळतं. अल्कोहोलने त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात, आणि त्या कुठल्याच पॉलिशने जात नाहीत. सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हातांनी घड्याळ हाताळणं हीदेखील त्यातलीच चूक.

## टप्पा १: काच कसली आहे ते ठरवा

हा टप्पा गाळला तर पुढचं सगळं वाया. घड्याळाची काच साधारण तीन प्रकारची असते: अ‍ॅक्रिलिक (प्लेक्सिग्लास), खनिज काच (खरी काच) आणि सफायर (कृत्रिम नीलम). घरी पॉलिश फक्त पहिलीला करायचं.

आधी मागचं झाकण वाचा. सफायर काच असेल तर बहुतेक कंपन्या तसं कोरतात. माक्स बिल मालिकेत बरीच वर्षं प्लेक्सिग्लास होतं, अलीकडच्या काही आवृत्त्यांत सफायर आलं आहे. त्यामुळे "माक्स बिल आहे म्हणजे प्लॅस्टिकच" असं धरून चालू नका. मॉडेल क्रमांक बघून खात्री करा.

झाकणावर काही लिहिलेलं नसेल तर दोन चाचण्या करा. काचेवर नखाने हलकेच टकटक करा. अ‍ॅक्रिलिकचा आवाज बद्द येतो, खनिज काच आणि सफायरचा टणक, किणकिणता. मग काच खालच्या ओठाला टेकवा. अ‍ॅक्रिलिक कोमट लागतं, बाकीच्या दोन्ही थंड लागतात. दोन्ही चाचण्यांचं उत्तर एकच यायला हवं.

सफायरवर ओरखडा दिसत असेल तर तो अनेकदा काचेचा नसतोच. वर एखाद्या धातूची रेघ उमटलेली असते, किंवा चमक कमी करणारा लेप खरवडला गेलेला असतो. असं घड्याळ पॉलिश करू नका. खनिज काचेवर अ‍ॅक्रिलिकचं पॉलिश तासभर घासलं तरी काही होत नाही, आणि तिथेच लोक कंटाळून खरखरीत पेपर घेतात. मग काच कायमची धुरकट होते.

आणखी एक गोष्ट. माक्स बिलच्या प्लेक्सिग्लासवर ओरखडे टाळण्यासाठी कडक लेप दिलेला असतो. पॉलिश केलं की त्या जागेचा लेप जातो आणि पुढे तिथे ओरखडे लवकर पडतात. म्हणून चार फूट अंतरावरून न दिसणाऱ्या केसाएवढ्या रेघेसाठी पॉलिशला हात घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. वाचताना डोळ्यांना खुपणारा ओरखडा असेल तरच पुढे जा.

## टप्पा २: ओरखड्याची खोली बघा

टेबल लॅम्पच्या उजेडात घड्याळ तिरकं धरा आणि नख ओरखड्यावरून आडवं फिरवा.

नख अडकलं नाही तर फक्त पॉलिश पुरेल. टप्पा ६ सोडून द्या.

नख अडकलं तर आधी वॉटर पेपर लागेल.

कडेपासून आत शिरलेली रेघ असेल, किंवा काचेच्या आत चमकणारी रेघ दिसत असेल, तर ती भेग आहे. इथेच थांबा. भेगेतून ओल आत जाते आणि पॉलिशच्या दाबाने भेग वाढते. ही काच बदलावी लागेल. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

तपासा: काचेच्या आतल्या बाजूला धुकं किंवा पाण्याचे थेंब दिसतात का? दिसत असतील तर ओरखडा ही दुय्यम गोष्ट. घड्याळ त्याच दिवशी दुरुस्तीला द्या. तांदळाच्या डब्यात ठेवून वाट बघू नका. आत गंज चढायला फार वेळ लागत नाही.

## टप्पा ३: पट्टा काढा

पट्टा ठेवूनही पॉलिश करता येतं, पण केस नीट धरता येत नाही, चामड्याला पॉलिशचे डाग पडतात आणि लगांच्या (पट्टा जिथे अडकतो त्या केसच्या शिंगांच्या) बाजूची कड तशीच राहते. म्हणून पट्टा काढाच.

इथे घुमटाकार काचेची खास अडचण येते. चपट्या काचेचं घड्याळ टॉवेलवर पालथं ठेवून काम करता येतं. हिचा सगळ्यात उंच भाग मधोमध असतो, त्यामुळे पालथं घातलं की पूर्ण वजन त्या एका बिंदूवर येतं आणि टॉवेलमधल्या कणाने तिथेच ओरखडा उठतो. उपाय सोपा आहे. मास्किंग टेपचं भेंडोळं (मधली पोकळी केसपेक्षा किंचित लहान हवी) आडवं ठेवा, त्यावर मायक्रोफायबर पसरा, आणि घड्याळ त्यावर असं पालथं ठेवा की केसची कड भेंडोळ्यावर टेकेल आणि काच मधल्या पोकळीत अधांतरी राहील.

मग चारही लगांच्या आतल्या आणि मागच्या बाजूला टेपचे छोटे तुकडे लावा. अवजार निसटलं तर ओरखडा टेपवर पडेल. पिनेला टोकाशी बारीक कडं असतं. अवजाराचं दुतोंडी टोक पट्टा आणि लगाच्या मधे सरकवून त्या कड्यामागे अडकवा, पिन आत दाबा आणि पट्टा हलकेच बाहेर ओढा. दुसरा हात वर आडवा धरा, म्हणजे पिन उडणार नाही. काही नव्या पट्ट्यांना मागे छोटी कळ असते. तिथे अवजाराची गरज नाही, नखाने कळ सरकवली की काम होतं.

इशारा: सुरी, कटर, सेफ्टी पिन यांपैकी काहीही वापरू नका. लगांवरचे बहुतेक ओरखडे पट्टा बदलतानाच पडलेले असतात, आणि बारीक लगांच्या या घड्याळावर ते समोरूनही दिसतात.

पिना एका वाटीत ठेवा. दोन्ही टोकं दाबून बघा. स्प्रिंग सुस्त वाटली किंवा पिन वाकलेली दिसली तर नव्या घ्या. फार स्वस्त मिळतात, आणि पिन निसटली तर अख्खं घड्याळ फरशीवर.

## टप्पा ४: धूळ काढा

आधी फुंकणी, मग ब्रश, मग कापड. हा क्रम उलटा करू नका. कोरडं कापड आधी फिरवलं की सगळी धूळ काचेवरच घासली जाते.

फुंकणी काच आणि केसच्या सांध्यावरून गोल फिरवा. तिथे पट्ट्याचा भुगा, घामाचा थर आणि धूळ अडकलेली असते. त्यानंतर सांध्यावरून ब्रश फिरवा. मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाचा एक थेंब टाका, कापडाचं टोक त्यात बुडवून घट्ट पिळा आणि काच पुसा. लगेच दुसऱ्या ओल्या टोकाने साबण काढा आणि कोरडं करा.

घड्याळ नळाखाली धरू नका. प्लेक्सिग्लासचं माक्स बिल पाण्याच्या शिंतोड्यांपुरतंच सुरक्षित समजा. जुन्या एचएमटीत तर सांध्याचं रबर असलं तरी ते केव्हाच कडक झालेलं असतं.

तपासा: चावी पूर्ण आत ढकललेली आहे ना? इथून पुढे तिला हात लावायचा नाही.

## टप्पा ५: टेप लावा

हा टप्पा लोकांना कंटाळवाणा वाटतो. पण घरी पॉलिश केलेल्या घड्याळांत ओळखू येणारा फरक इथेच पडतो.

माक्स बिलच्या केसची समोरची कड फार अरुंद आणि चकचकीत आहे. काचेचं पॉलिश तिथे लागलं की चकाकी कमी-जास्त होते. टेपच्या अर्ध्या सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा आणि त्या एकेक करून, थोड्या एकमेकींवर चढवत, कडेभोवती लावा. टेपची आतली धार काच आणि धातूच्या सांध्यावर बरोबर आली पाहिजे. नखाने दाबून बसवा. चावीवर एक वेगळा तुकडा गुंडाळा, तिची फट पूर्ण झाकली गेली पाहिजे. मागचं झाकण आणि त्याचा सांधाही झाका.

लांबलचक एकच टेप गोलाकार लावायचा प्रयत्न करू नका. तिला सुरकुत्या पडतात आणि पॉलिश त्या सुरकुत्यांमधून खाली शिरतं.

## टप्पा ६: वॉटर पेपर (फक्त खोल ओरखड्यांसाठी)

बहुतेकांना हा टप्पा लागणार नाही. लागलाच तर सावकाश करा, कारण इथे काढलेली काच परत येत नाही.

पेपरचा दोन सेंटीमीटरचा तुकडा मऊ स्पंजच्या तुकड्याभोवती गुंडाळा. थेट बोटाने दाबलं तर बोटाच्या टोकाचा दाब एका जागी येतो आणि खळगा पडतो. स्पंज काचेच्या उतारासोबत वाकतो.

पेपर पाण्यात बुडवून झटका. तो ओलसर हवा, थेंब गळणारा नको. १५०० नंबरने सुरुवात करा आणि ओरखड्याला आडवे, लांब, हलके हात मारा. फक्त ओरखड्यावर घासत बसू नका. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे. रेघेपुरतंच घासलं तर तिथे उथळ खळगा तयार होतो. समोरून बघताना काच स्वच्छ दिसते, पण घड्याळ जरा कललं की त्या खळग्याखालची मिनिटांची रेषा थरथरल्यासारखी वाकते. म्हणून निदान पाव काचेवर हात पसरून फिरवा. ओरखडा मधोमध असेल तर पूर्ण काचेवर फिरवा.

दर अर्ध्या मिनिटाला पांढरा गाळ पुसून बघा. ओरखडा दिसेनासा झाला आणि काच सारखी धुरकट झाली की २००० नंबर घ्या. या वेळी हाताची दिशा काटकोनात बदला. आधीच्या पेपरच्या आडव्या रेघा पूर्ण गेल्या आणि फक्त उभ्या राहिल्या की २००० चं काम झालं. मग ३००० नंबर, पुन्हा दिशा बदलून. दिशा बदलली नाही तर आधीच्या पेपरची रेघ गेली की नाही हे कळतच नाही, आणि ती शेवटी पॉलिशनंतर वर येते.

शेवटी काच दुधी दिसते. घाबरू नका, ती तशीच दिसायला हवी. दुधीपणा सगळीकडे सारखा आहे ना, एवढंच बघा.

इशारा: छोटं फिरतं विजेचं यंत्र वापरू नका, मग त्याला मऊ पॅड लावलेलं असलं तरीही. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने मऊ होतं, आणि यंत्राच्या वेगाने काही सेकंदांत तिथे लाट उमटते.

जुन्या घड्याळाचा सांधा कितपत घट्ट आहे याची खात्री नसेल तर ओला पेपर टाळा. १५०० आणि २००० सोडून द्या, ३००० नंबर जवळजवळ कोरडाच वापरा आणि उरलेलं काम पॉलिशवर सोपवा. ओरखडा पूर्ण जाणार नाही, पण तबकडीवर पाण्याचा डाग पडण्यापेक्षा ते बरं. डाग पडलेली जुनी तबकडी पूर्ववत करता येत नाही.

## टप्पा ७: पॉलिश

पॉलिश थेट काचेवर पिळू नका. बनियनचा तुकडा तर्जनीभोवती ताणून गुंडाळा, त्यावर मुगाच्या दाण्याएवढं पॉलिश घ्या आणि काचेवर चार ठिकाणी टिपा. मग छोट्या, एकमेकांवर चढणाऱ्या वर्तुळांत घासा. दाब मध्यम ठेवा. बोटाखाली काच किंचित गरम वाटली तर थांबा आणि थंड होऊ द्या.

दोन-तीन मिनिटं घासल्यावर पॉलिश जवळजवळ सुकतं. ते मायक्रोफायबरने पुसा आणि बघा. एका फेरीत काम झालं नाही म्हणून दाब वाढवू नका, दुसरी फेरी करा. नव्या फेरीला कापडाची नवी जागा घ्या, कारण आधीच्या जागेत काढलेल्या अ‍ॅक्रिलिकची भुकटी असते. वॉटर पेपरनंतर तीन-चार फेऱ्या लागणं साहजिक आहे.

कडेचा उतार हमखास राहून जातो. तिथे काच तीव्र वळते आणि बोट आपोआप मधेच राहतं. शेवटची एक फेरी फक्त कडेसाठी ठेवा. घड्याळ हातात घेऊन हळूहळू फिरवा आणि बोट जागेवर ठेवा.

टूथपेस्टबद्दल सारखं विचारलं जातं. तिनेही घासलं जातं, हे खरं. पण तिच्यातले कण दात घासण्यासाठी ठरवलेले असतात आणि प्रत्येक पेस्टमध्ये वेगळे असतात. कण फार बारीक असतील तर फारसं काही होत नाही, खरखरीत असेल तर धुरकट पट्टा येतो. वर ती सुकून फटीत घट्ट बसते. पॉलिशची एक ट्यूब अनेक घड्याळांना पुरते, तिथे हात आखडू नका.

तपासा, ट्यूबलाइटखाली: काचेत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसेल अशा कोनात घड्याळ धरा आणि हळूहळू कलवा. प्रतिबिंबाची पांढरी रेघ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड सरकली पाहिजे. ती कुठे तुटली किंवा फुगली तर तिथे खळगा आहे. किंचित फुगत असेल तर आजूबाजूला आणखी एक फेरी केल्याने उतार जुळतो. मग डोळा बरोबर तबकडीवर आणा आणि बारा ते तीनच्या मधल्या मिनिटांच्या रेषा एकेक करून बघा, तशाच पुढे पूर्ण गोल. कडेजवळ काचेच्या वळणाने रेषा थोड्या वाकलेल्या दिसतात, तो काचेच्या आकाराचाच भाग आहे. पण तो वाक सगळीकडे सारखा असला पाहिजे.

## टप्पा ८: टेप काढा, सांधा साफ करा

टेप बाहेरच्या दिशेने, जमिनीला समांतर ओढा. सरळ वर ओढली तर टेपवरचं सुकलेलं पॉलिश काचेवर पडतं.

सांध्यात पॉलिशची पांढरी रेघ राहिली असेल तर लाकडी टूथपिकचं टोक थोडं चावून मऊ करा आणि ते सांध्यातून फिरवा. टाचणी नको. मग फुंकणी, मग स्वच्छ मायक्रोफायबर.

## टप्पा ९: पट्टा परत लावा, आणि बरोबर बाजूने

घड्याळ पुन्हा टेपच्या भेंडोळ्यावर पालथं. बकलचा आखूड तुकडा बाराच्या बाजूला, भोकांचा लांब तुकडा सहाच्या बाजूला. पालथ्या घड्याळात दिशा उलटी वाटते, म्हणून आधी चावी कुठे आहे ते बघा. सुलट्या घड्याळात ती तीनच्या बाजूला असते.

नवा पट्टा घ्यायचा असेल तर दोन लगांच्या आतलं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. केसच्या व्यासावरून अंदाज बांधू नका. ३४ मिलिमीटरचं हातचावीचं आणि ३८ मिलिमीटरचं स्वयंचलित माक्स बिल यांचे पट्टे वेगळ्या मापाचे असतात. पट्टा पातळ घ्या. फुगीर, आत भरणी असलेला पट्टा केसला घासतो आणि पिन वाकवतो. शिवाय अशा सपाट, हलक्या घड्याळाचा तोलही त्याने बिघडतो. शिलाई नसलेला साधा चामडी पट्टा याला सगळ्यात शोभतो.

पिनेचं एक टोक लगाच्या भोकात बसवा, दुसरं टोक अवजाराने दाबून आत सरकवा आणि हलवत राहा, ती टिक्कन बसेल.

तपासा: पट्टा प्रत्येक बाजूने जरा जोराने ओढा, तिरकाही ओढा. मग पट्टा पिनेवर हलवून बघा. एक टोक भोकात न बसता नुसतं लगावर टेकलेलं असलं तरी पिन सरळ दिसते, पण ओढल्यावर ती सुटते. ही चाचणी टॉवेलवरच करा.

## टप्पा १०: चावी, वेळ, तारीख

घड्याळ एवढा वेळ पडून होतं. ते सुरू करतानाही ठरलेला क्रम आहे, आणि तारखेच्या घड्याळात तो चुकला तर यंत्राचं नुकसान होतं.

हातचावीचं घड्याळ मनगटावरून काढूनच चावी द्या. मनगटावर असताना चावी तिरकी ओढली जाते आणि तिच्या दांड्यावर ताण येतो. अडथळा जाणवला की थांबा. माक्स बिलच्या हातचावीच्या यंत्रात पूर्ण चावीवर सुमारे ४२ तास पुरतील एवढा साठा असतो. रोज एकाच वेळी चावी दिली तर घड्याळ दिवसभर सारख्या गतीने चालतं. सकाळी चहाच्या वेळी द्या.

स्वयंचलित घड्याळ बंद पडलं असेल तर वीसेक फेरे द्या आणि हातात घाला. रोज हाताने पूर्ण चावी द्यायची गरज नाही.

तारीख असलेल्या घड्याळात काटे रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान असताना चावीने तारीख झटपट बदलू नका. त्या वेळात तारीख सरकवणारे दाते चाकात अडकलेले असतात. घड्याळ बंद असेल तर ते सकाळ दाखवतंय की रात्र हेही कळत नाही. म्हणून असं करा:

१. चावी पूर्ण बाहेर ओढा आणि तारीख बदलेपर्यंत काटे पुढे फिरवा. म्हणजे मध्यरात्र झाली.

२. काटे पुढे सकाळी सहावर आणा.

३. चावी मधल्या खाचेत ढकला आणि कालची तारीख लावा.

४. चावी पुन्हा पूर्ण बाहेर ओढा आणि काटे पुढे फिरवा. एकदा दुपारचे बारा जातील, मग मध्यरात्रीला आजची तारीख येईल. तिथून आताच्या वेळेवर या. दुपार झाली असेल तर आणखी एकदा बारा ओलांडा.

५. चावी पूर्ण आत ढकला.

आजची तारीख थेट लावली आणि सकाळ-रात्र चुकली तर तारीख भर दुपारी बदलते. कालची लावून पुढे आलं की ही भानगड राहत नाही.

मिनिट काटा जुळवताना डोळा बरोबर घड्याळाच्या वर ठेवा. घुमटाकार काचेतून तिरकं बघितलं तर काटा रेषेच्या अलीकडे किंवा पलीकडे सरकलेला दिसतो, आणि इतक्या बारीक रेषांच्या तबकडीवर अर्ध्या मिनिटाची चूक दिवसभर खुपत राहते.

## पावसाळ्यात

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर चामडी पट्ट्यावर बुरशी धरते आणि तिचा ओलावा मागच्या झाकणाला लागून राहतो. संध्याकाळी पट्टा कोरड्या कापडाने पुसा आणि घड्याळ उघड्यावर ठेवा, घातलेलं काढून थेट डब्यात टाकू नका. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. घड्याळ चुंबकाच्या झाकणाच्या पर्सजवळ किंवा स्पीकरवर ठेवायची सवय असेल तर मोडा. एकाएकी घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं तर चुंबकत्व लागलं आहे का, हे दुरुस्तीवाल्याकडून आधी बघून घ्या.

## काच बदलायचीच असेल तर

भेग असेल, अल्कोहोलचं जाळं असेल, किंवा पॉलिश करूनही रेषा वाकतच असतील, तर काच बदला. ती घरी काढू नका. घड्याळजीकडे देताना तीन गोष्टी स्पष्ट सांगा.

पहिली, काच घुमटाकारच हवी. फक्त व्यास मोजून दिलेली चपटी काच बसते, पण घड्याळाची बाजूने दिसणारी ठेवण जाते. माक्स बिलसाठी अधिकृत सेवा केंद्रातून मूळ काच मागवा, वाट बघावी लागली तरी. एचएमटीच्या जुन्या काचा शहरांतल्या घड्याळांच्या सुट्या भागांच्या दुकानांत अजून मिळतात. उंची जुनीशी जुळवून घ्या.

दुसरी, तबकडी आणि काटे पुसू नयेत. फुंकणीने धूळ काढली की पुरे. छापलेल्या बारीक रेषा कापडाने निघतात.

तिसरी, जुनी काच परत द्यावी. पुढे कधी पुन्हा काच लागली तर तीच नमुना म्हणून दाखवता येते.

घड्याळ हातात आलं की दुकानातच चावी पूर्ण बाहेर ओढा आणि काटे बारा तास फिरवा. काच कमी उंचीची बसली असेल तर वरचा काटा तिला घासतो, कुठेतरी अडकतो किंवा हातात चावी जड लागते. असं झालं तर तिथेच परत द्या.